काकांच्या दाराची फळी

३ ऑक्टोबर
उधाणाला आठ दिवस राहिले! इथे म्हणे दरवर्षी याच सुमारास समुद्र रस्त्यावर येतो, चार-पाच तास बसतो आणि जातो. पाहुण्यासारखा — फक्त चपला बाहेर काढत नाही. पालिकेची गाडी भोंगा लावून फिरून गेली. "तळमजल्यावरच्यांनी सामान वर घ्या."

मला काकांकडे येऊन तीन महिने झाले. बाबांचे चुलतभाऊ, जन्मभर सुतारकाम केलेले. मी तीन महिन्यांच्या वर कुठेच टिकलेली नाही — कापडाचं दुकान सोडलं, रोपवाटिका सोडली, कॉलेज तर केव्हाच. काकांची मुलगी, म्हणजे ताई, मला भिंगरी म्हणते. कौतुकाने नाही.

आज तिचा फोन, मुद्दाम माझ्यासाठी. "बाबांना हल्ली काही आठवत नाही गं. दोनदा गॅस चालू ठेवला. यंदा घरात पाणी शिरलं तर मी ऐकणार नाही, सरळ इकडे घेऊन येणार." तिचं घर लांब, दुसऱ्या गावात, पाचव्या मजल्यावर. तिथे रंधा कुठे चालवणार काका?

५ ऑक्टोबर
फळीचं काम सुरू. इथे दाराच्या चौकटीत, खालच्या बाजूला आडवी फळी बसवतात आणि फटी चिकणमातीने लिंपतात. बाजारात तयार मिळते. मी तसं म्हटलं तर काका म्हणाले, "तयार फळी सरळ दाराला. आपलं घर एका अंगाने खचतंय. दरवर्षी माप नवं." खरंच! डावीकडे अर्धं बोट जास्त.

आज माझं नाव विसरले. "अगं... ही..." करत राहिले. पण रंधा हातात घेतला आणि हात कसा सरसर! मी एक कुरळी ढलपी कानात अडकवली. "शोभतंय हो," म्हणाले.

७ ऑक्टोबर
वाळूची अठ्ठावीस पोती. पाठ गेली.

८ ऑक्टोबर
वरच्या मजल्यावरच्या शिवणवाल्या बाईंनी आमचं धान्य आणि गाद्या वर घेतल्या. "तुझ्या काकांच्या गादीतून किलोभर भुसा निघाला," म्हणाल्या, "ठेवू का विकू?"

रस्त्यात लोखंडी घोड्यांवर फळ्या टाकून चालायची वाट झाली. सलूनवाल्याने खुर्ची आत्ताच विटांवर चढवलीय. गिऱ्हाईक वर, आणि हा स्टुलावर उभा राहून दाढी करतोय! बघत बसले. दूध आणायचं राहिलं.

१० ऑक्टोबर
उद्या सकाळी पावणेबाराला भरती. फळी बसली. काका तिच्यावरून तळवा फिरवत राहिले, गाईच्या पाठीवरून फिरवावा तसा.

मग म्हणाले, "पोरी, मोरीच्या तोंडात चिंध्यांचा बोळा घाल. वर दगड ठेव." तीनदा म्हणाले. हो काका, हो काका. चिंध्या मागायला बाईंकडे वर गेले आणि खिडकीतून बघते तर काय — हातगाडीवर होडी! लालभडक! अर्धी गल्ली मागे, म्हणून मीही. थेट पुलापर्यंत. परत आले तेव्हा काका जेवायचे थांबले होते.

११ ऑक्टोबर
पाणी आलं. बाहेर गुडघाभर, आत एक थेंब नाही! काका फळीपाशी खुर्ची टाकून बसलेले, राजासारखे. मी टाळ्या पिटल्या.

मग मागून गुडगुड, गुडगुड. मोरीतून. काळं पाणी, बघता बघता घोट्यापर्यंत. आणि बाहेरचं पाणी ओसरलं तरी आतलं जाईना — मोरी गाळाने तुंबली, आणि फळी इतकी घट्ट! काका म्हणाले, "जरा वाईट सुतार असतो तर बरं झालं असतं." दोघंही हसलो, पोट धरून.

मग ते थांबले. "बोळा मीच विसरलो ना गं?"

मी तरंगणाऱ्या चपला गोळा करायला लागले. माझी पिशवी खुंटीवर आहे. भरायला पाच मिनिटं लागतात, मला माहीत आहे.

१२ ऑक्टोबर
ताई आली. चिखलातून आत, आणि लगेच काकांचे सदरे बॅगेत. "बाबा, मोरी कशी विसरलात? दरवर्षी तुम्हीच सगळ्यांना सांगत फिरता!"

"विसरलो," काका म्हणाले. "आता असंच होतं माझं." मान खाली.

नाही बघवलं. मी म्हटलं, जरा जोरातच, "त्यांनी सांगितलं होतं. मला. तीनदा. मी होडी बघायला गेले."

"होडी?"

"लाल होती."

वाटलं, आता खाते मला. पण ती काकांकडे बघत होती. "बाबांना आठवलं होतं?" मग एक सदरा बाहेर काढला. परत आत घातला. परत बाहेर. "आणि हिच्या भरवशावर ठेवू तुम्हाला? ही तर उद्या चालली."

"कोण चाललं?" काकांनी विचारलं, घाबरून.

मी बादली उचलली आणि पाणी उपसायला लागले. दुसरं काय करणार.

१४ ऑक्टोबर
ताई सकाळी एकटीच परत गेली. दुपारी काकांनी मला भिंतीला टेकवून उभं केलं आणि डोक्यापासून टाचेपर्यंत माप घेतलं. खाटेचं. "पाय पसरून झोपतेस," म्हणाले, "चार बोटं जास्त धरतो."