नांगर जोडण्याआधी

प्रिय आदेलिनो,

आधी बूड टेकव आणि मग वाच. शेवट आधी बघायची तुझी खोड आज तरी आवर. समोरासमोर बोलायला गेलं की दोन वाक्यांत आपली जुंपते, तू मला हट्टी म्हातारी म्हणतोस आणि दार आपटून जातोस. काल रात्री जेवताना तू नांगरायचं काढलंस, तेव्हाही तेच झालं. म्हणून लिहितेय.

तू सेतुबालहून आलास तो थेट बोनिफासियोच्या कॅफेत, आणि तिथे तुला काय ऐकवलं असेल ते मला ठाऊक आहे. परवा पाव आणायला गेले तेव्हा माझ्या तोंडावरच चाललं होतं. "एर्मेलिंदाबाई, रानडुकरं पाळलीत की काय? तुमच्या वडिलांच्या वेळी रानात सुई पडली तर सापडायची. आता बैल हरवेल." सगळे हसले, मीही हसले, आणि घरी येऊन कांदा चिरायच्या निमित्ताने रडून घेतलं. आपल्या गावात बाई आळशी आहे की नाही हे तिच्या बुचाच्या ओकांखालच्या जमिनीवरून ठरतं. आपल्या बाबांनी ती अंगणासारखी ठेवली. त्यांच्यामागे तू बसची नोकरी सांभाळून दर शरदात रजा काढायचास, ट्रॅक्टरला लोखंडी तव्यांचा नांगर जोडायचास आणि पार बुंध्यापर्यंत फिरवायचास. मग खाली उतरून कमरेवर हात ठेवून बघत राहायचास. तेव्हा तू हुबेहूब बाबा दिसायचास. मला फार अभिमान वाटायचा तुझा.

पण झाडं मरतायत रे. दक्षिणेच्या उतारावरची निम्मी शेंड्याकडून वाळत आलीत. नांगरून उघडी केलेली माती पाऊस आला की ओढ्याला लागते. जी मुळं वर आलीत त्यांच्यावर तव्यांचे घाव आहेत, मी बोटं फिरवून पाहिलेत. लहानपणी बाबांनी तुझ्या नावाने दिलेलं तुझं झाडही त्याच उतारावर आहे. या उन्हाळ्यात बुचासाठी साल सोलायला फौस्तिनोची टोळी आली, तेव्हा त्याने तुझ्या झाडाला कुऱ्हाड लावली, आणि साल सुटेना. त्याने दोन-तीन जागी करून पाहिलं, मग कुऱ्हाड खाली ठेवली. म्हणाला, "याला राहू दे. झाड सुकलंय, साल ओढून काढली तर आतली कातडी फाटेल." सोललेल्या बाकीच्या झाडांवर, पुढच्या सोलणीपर्यंतची नऊ वर्षं मोजायला, या वर्षाचा आकडा रंगवला. तुझ्या झाडावर मात्र नऊ वर्षांपूर्वीचाच राहिला, बाबांनी रंगवलेला, त्यांचा शेवटचा. मला त्या आकड्याकडे बघवत नाही.

तुझ्या पाठीचं ऑपरेशन झालं आणि लागोपाठ दोन शरद नांगर शेडमध्ये पडून राहिला, तेव्हा एश्तेवाची ती चिकट झुडपं माजली. मलाही लाज वाटायची. वसंतात एक दिवस चिडून कोयता घेऊन गेले. पहिलं झुडूप हाताने बाजूला सारलं, तर आत सावलीत वीतभर उंचीचा ओक. पुढच्या झुडपाखाली आणखी एक. कोयता घेऊन तशीच खाली बसले. आदेलिनो, आपण म्हातारे झालो तरी आपल्या रानात ओकचं पोर कधी पाहिलं नव्हतं, आणि आपल्याला त्याचं नवलही वाटलं नव्हतं. दर वर्षी ती उगवत असतील आणि आपण उलथून टाकत असू, आणि वर म्हणत असू, रान कसं स्वच्छ आहे.

आगीची तुझी भीती खोटी नाही. एश्तेवा पेटली तर थांबत नाही, ते मी तुझ्याइतकंच पाहिलंय. म्हणून रस्त्याकडेचा अख्खा पट्टा मी कोयत्याने साफ केलाय. काल तू माझ्या हातांकडे बघून काय झालं म्हणून विचारलंस ना, तेच. आतलंही विरळ करू, पण हाताने, माती न उकरता. तू बरोबर असलास तर होईल. एकटीने नाही होणार.

आता खुंटीवर ट्रॅक्टरची किल्ली का नाही ते सांगते, आणि हे पत्र ट्रॅक्टरच्या सीटवर का ठेवलं तेही. ट्रॅक्टर तुझा आहे, मी तो अडवणार नाही. किल्ली तुझ्या झाडाखाली आहे, झुडपांच्या आत, एका लहान ओकला लाल दोऱ्याने अडकवलेली. कुठल्या, ते सांगत नाही. गुडघ्यांवर बसून एकेक फांदी सारून बघावी लागेल. कमरेला जप, आणि पाय कुठे पडतोय तेही बघ. किल्ली सापडल्यावरही नांगरावंसं वाटलं, तर नांगर. मी स्वयंपाकघरात आहे. पावाच्या सारासाठी लसूण-कोथिंबीर कुटून झालीय, पाव कालचा आहे, पाणी चुलीवर आहे. खिडकी उघडी ठेवलीय. ट्रॅक्टर सुरू झाला तर इथे ऐकू येतो.

तुझीच हट्टी म्हातारी,
एर्मेलिंदा