रत्नमाला मॅडमची चौकशी

११ जुलै २०१६, लाखनी
मॉरिशसहून निघाल्यापासून आज पहिल्यांदा नीट झोप झाली. एका सत्रासाठी मी इथल्या महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवणार. घरी मराठीच बोलत वाढले, तरी इथली बोली कानाला नवी. घरमालकीण शकुनबाईंनी विचारलं, ‘एवढ्या दूर काहून आल्या, मॅडम?’ आमच्याकडे नजर जाईल तिथे ऊस; इथे धान, बांध्यांमध्ये, म्हणजे भाताच्या खाचरांत, रोवणी चाललेली. विभागप्रमुख धनंजय सर स्वतः घ्यायला आले होते. त्यांची मुलगी टीना संध्याकाळी डबा देऊन गेली. वांग्याची भाजी इतकी तिखट, की ती हसू दाबत पाणी आणायला पळाली.

१३ जुलै
पहिला तास छान झाला. मुलं लाजरी, पण पानांच्या शिरा काढायला दिल्यावर रमली. टीना पुढच्या बाकावर. शेवटच्या बाकावर पस्तिशीची एक बाई होती, कमरेपर्यंत भिजलेली. हजेरी घेताना कुठल्याच नावाला ती बोलली नाही. तासानंतर बाकावर पाणी साचलं होतं. शिपाई गोमाजी पुसायला आला आणि फडकं तिथेच टाकून निघून गेला.

१६ जुलै
गोमाजी वारला. भरदुपारी, खुर्चीवर बसल्या बसल्या. नाकातोंडातून तलावाचं पाणी आलं म्हणे, गाळासकट.
शकुनबाईंना त्या बाईबद्दल सांगितलं. त्या म्हणाल्या, ती रत्नमाला मॅडम. मी आता शिकवते त्याच जागेवर होती. धनंजय सर तिच्या अंगचटीला जायचे, तिनं तक्रार केली. मग झाडं दाखवतो म्हणून सर तिला एकोडी गावाकडच्या तलावावर घेऊन गेले आणि एकटेच परतले. गोमाजीनं आणि कॉलेजातल्याच आनंदराव सरांनी पोलिसांना सांगितलं, की धनंजय सर त्या दिवशी कॉलेजातच होते.
‘त्याच्यासाठी जे खोटं बोलले त्यायले थे सोडत नाही,’ शकुनबाई म्हणाल्या.

१९ जुलै
आनंदराव सर गेले. वर्गात, सगळ्या मुलांसमोर. बोलता बोलता तोंडातून पाणी— मी दारात उभी होते.
ती शेवटच्या बाकावर. ते पडेपर्यंत नुसती बघत राहिली. मग माझ्याकडे वळून शांतपणे विचारलं, धनंजय सर कुठे आहेत. मला खरंच माहीत नव्हतं. तसं सांगितलं. तिनं मान हलवली.
मला काही झालं नाही.

२० जुलै, सकाळ
परतीचं तिकीट काढायला निघत होते तर— धनंजय सर. आत येऊन त्यांनी कडी लावली. पलंगामागे बसून रडतायत. सगळं कबूल केलं. ती हलायची थांबेपर्यंत डोकं पाण्याखाली धरलं होतं. आणि म्हणतात, टीनाला आई नाही, मीच आहे. तिच्यासाठी तरी एकदा नाही म्हणा.
दाराखालून पाणी येतंय. हिरवट.
थाप. दाराबाहेरून तिचाच शांत आवाज, ‘मॅडम, सर आत आहेत का?’
टीनाचा चेहरा डोळ्यांसमोर आला. मी म्हणाले— नाहीत.

पाणी थांबलं. सर उठले, शर्ट नीट केला, मागच्या दारानं गेले. वळूनही पाहिलं नाही. ‘मॅडम, थँक्यू’ सुद्धा नाही.
तोंडात गाळाची चव. लिहिताना कागद भिजतोय—
ती आत आलीय. पाठीवर हात ठेवलाय. थंड.
तो फार लांब गेला नसेल. आता आम्ही दोघी त्याला—