वर्षाच्या आतलं लग्न

प्रिय नाना,

उद्या जामनेरची मंडळी सुपारी फोडायला येणार, म्हणून आज लिहायला बसले. घरात माझं ऐकायला कुणाला सवड नाही. तुम्हाला तरी आता कुठे जायची घाई आहे?

तुमचं तेरावं उरकताच मामा म्हणाले होते, "वर्षाच्या आत पोरीचं लग्न करा, नाहीतर तीन वर्षं नाव काढता येणार नाही." आता वर्षश्राद्ध तोंडावर आलं, म्हणून ही धावपळ. मुलगा वाईट नाही हो! खताचं दुकान आहे, बोलतोही मऊ. पण त्याची आई पाहायला आली तेव्हाच तिने सांगितलं, "एमेस्सी झाली तेवढी पुरे." पुण्याला संशोधनासाठी माझी निवड झालीय, हे मामांनी त्यांना सांगितलंच नाही. मला तर तोंडच उघडू दिलं नाही.

आठवतं नाना, मी जळगावहून सुटीत आले की पहूरच्या ओट्यावर आपली बापलेकीची कशी जुंपायची? तुम्ही शाळेत विज्ञान शिकवलेलं, माघार घ्याल तर शपथ! मी सांगत होते, श्वेत बटू म्हणजे जळून संपलेल्या ताऱ्याचा घट्ट गोळा. एकटा असला तर निवांत गार होत पडून राहतो. जोडीदार असला तर त्याचा वायू ओढत जड होतो आणि मर्यादा गाठली की फुटतो. तुम्ही म्हणालात, "म्हणजे लग्न केलं की स्फोट!" पोळ्या लाटता लाटता आई केवढी चिडली होती!

काही जोड्या मात्र विचित्र, असं मी म्हटलं. जोडीदाराकडून आलेल्या हेलियमचा थर वर साचतो, आधी तोच पेटतो, आणि त्या धक्क्याने आतला गाभा फुटतो. मर्यादेच्या आधीच! तुम्ही हटून बसलात, "छट्! नियम म्हणजे नियम." अहो, अजून ती कागदावरची गणितं आहेत, तेच तर मला तपासायचंय. वाद अर्ध्यावर टाकून कुणी जातं का?

खरं सांगू? जीव गुदमरतो. रोज कुणी साडी अंगाला लावून बघतं, कुणी बांगडीचं माप घेतं, आणि मी मुकाट उभी राहते. तुमचाही राग येतो. एकदा मामांसमोर म्हणाला असतात, "ही शिकणार आहे," तर काय बिघडलं असतं?

काल चुलीपाशी आईला विचारलं, "वर्ष उलटलं तर खरंच तीन वर्षं कुणी लग्नाचं बोलणार नाही?"

"रीतच शे ती," ती म्हणाली. कासावीस झाली की तिच्या तोंडी माहेरची, नरडाण्याकडची बोली येते, तुम्हाला ठाऊकच आहे.

"मग मला ती तीन वर्षंच हवीत गं."

आईचा भाकरी थापणारा हात थांबला. तव्यावरची करपली तरी तिचं लक्ष नव्हतं. मग म्हणाली, "मना भाऊ शे तो. मी सांगसू त्याले."

नाना, आई उभ्या आयुष्यात मामांना उलटून बोललेली नाही. उद्या तिचा आवाज फुटला नाही, तर सगळ्यांसमोर मीच म्हणेन, "वर्ष जाऊ द्या." हा माझा शब्द.

तुमची भांडखोर,
शालू