सगळ्यांचं पाणी चारशे बारा

३ फेब्रुवारी, सोमवार

सगळ्यांचं ४१२! सेहेचाळीस वह्या तपासल्या, त्यातल्या पंचेचाळीस वह्यांत पाण्याचा जडपणा ४१२. साक्रीचं पाणी ४१२, सोनगीरचं ४१२, नरडाण्याचं ४१२. सगळा धुळे जिल्हा एकाच माठातून पाणी पितो की काय!

आणि मी? डिसेंबरात जळगावच्या शिबिरातून नवी अध्यापन पद्धत शिकून आले. कॉलेजच्या नळाचं पाणी बंद, प्रत्येकाने घरून बाटली आणायची, आपलं उत्तर आपण काढायचं. पुठ्ठ्यावर नाव रंगवून प्रयोगशाळेत लावलं — 'आपलं पाणी, आपलं उत्तर'. किती मिरवले! ब्युरेटची काचनळी धरून तर सगळे उभे होते. म्हणजे नाटक?

पंचेचाळीस वह्यांत वाक्यही एकच — 'तिसऱ्या वेळी रंग जरा उशिरा बदलला.' सगळ्यांचाच तिसऱ्या वेळी?

१२ तारखेला तपासणी समिती येणार. तासिका तत्त्वावरची माझी नेमणूक पुढे चालणार की नाही, ते ह्याच प्रयोगावर ठरणार. आठ वर्षं झाली, दर जूनला नव्याने अर्ज.

४ फेब्रुवारी, मंगळवार

महाजन सरांना सांगितलं. विभागप्रमुख म्हणून काही तरी बोलतील असं वाटलं. चहा ढवळत म्हणाले, "निकाल एकसारखे आले म्हणजे अध्यापन उत्तम. समितीला तेच दाखवा. तक्ता रंगीत काढा."

"सर, पण गावं वेगवेगळी आहेत."

"मॅडम, समितीतलं कोण बाटली उघडणार आहे?"

कुंपणच शेत खातंय, दुसरं काय!

५ फेब्रुवारी

तक्ता काढायला बसले. एक सरळ रेघ आली. फाडला.

६ फेब्रुवारी, गुरुवार

वेगळं उत्तर एकट्या धम्मपालचं — ५८७. गेल्या वर्षी प्रात्यक्षिकात नापास झाला, तोच प्रयोग पुन्हा करतोय. नापास मीच केला होता. तेव्हा कॉलेजच्या नळाचं पाणी होतं आणि ह्याने लिहिलं होतं १९८. मी लाल पेनने गोल केला. नेमणूक झाली त्या दिवशी सरांनी उत्तरांची यादी हातात दिली होती, तिच्यात ४१२. मी कधी स्वतः करून बघितलं नाही. खरंच नाही!

आज त्याच्या बाटलीतलं पाणी स्वतः घेतलं. दार लावून तीनदा केलं. ५९०, ५८५, ५८८.

तो बाहेर उभा होता. एवढंच म्हणाला, "मॅडम, मागच्या वर्षी पण मी खरंच काढलं होतं."

"बघते," म्हटलं. बाप भुसावळला हमाली करतो, पोराचं वर्ष गेलं, आणि मी म्हणते बघते.

८ फेब्रुवारी, शनिवार

वर्गाला सांगितलं, कुणाच्या वहीतून उतरवलं ते चिठ्ठीवर लिहा, एक मार्क कापणार नाही. महेक उठली. पहिल्या बाकावरची, तोंडाने फटकळ. "मॅडम, खरं काढलं तर तुम्ही लाल गोल करता. धम्मपालचं बघितलं ना आम्ही."

वर्ग हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं.

चिठ्ठ्या वाचल्या. आपाची, म्हणजे मोठ्या बहिणीची वही, २०२१. मामेभावाची, २०१८. सीनियरची, त्याने त्याच्या सीनियरची. मागे मागे जावं तर सगळ्या वाटा एकीकडेच — 'लॅबच्या कपाटातली आदर्श वही'. दर काही वर्षांनी पहिल्या आलेल्याची वही विभागात ठेवून घेतात, तीच असणार. ज्याने तो आकडा पहिल्यांदा लिहिला, त्याच्या दोन कानाखाली द्याव्याशा वाटल्या.

९ फेब्रुवारी, रविवार

आईने शेवभाजी केली. ताट अर्धं ठेवून उठले. आई म्हणे, "एवढं काय? सगळीकडे असंच चालतं." चालतं. माझ्यामुळेच चालतं.

१० फेब्रुवारी, सोमवार

तोतारामनाना, आमचे प्रयोगशाळा परिचर, तीस वर्षं इथेच. त्यांना विचारलं, नळाला बोअरचंच पाणी ना? ते हसायलाच लागले.

"मॅडम, बोर तं पाच वरीस व्हयनात बंद शे! आते नळले नगरपालिकानं पानी शे."

म्हणजे पाच वर्षांपूर्वी बंद पडलेल्या बोअरचं उत्तर मी बरोबर धरत होते. आणि नगरपालिकेच्या हलक्या पाण्याला १९८ बरोबर होतं. मी एका खरं बोलणाऱ्या पोराला नापास केलं!

नानांकडे त्या कपाटाची चावी मागितली. "सापडनी तं सकाय देस," म्हणाले. म्हणजे सापडली तर उद्या.

महाजन सरांनी संध्याकाळी पुन्हा आठवण करून दिली — रंगीत तक्ता, आणि समितीपुढे नको ते बोलू नका. "जून लांब नाही, मॅडम." सरळ धमकी. मी मान डोलावली. ह्या मानेचा राग येतोय.

११ फेब्रुवारी, मंगळवार

वही मिळाली. खाकी कव्हर नानांनी माझ्यासमोर काढलं. आत नाव — वृषाली भाईदास बोरसे, तृतीय वर्ष, २०१०. माझं.

सरांचा शेरा: 'उत्कृष्ट. २० पैकी २०.' खाली ४१२. खाली माझ्याच अक्षरात ते तिसऱ्या वेळचं वाक्य. त्या दिवशी मी अमळनेरला होते, चुलतबहिणीच्या साखरपुड्याला. प्रयोग केलाच नव्हता. दुसऱ्या दिवशी बसून आकडे रचले, आणि खरं वाटावं म्हणून ते वाक्य घातलं. सरांची यादी ह्याच वहीवरून झाली, नाना म्हणाले.

तक्ता काढलेला नाही. धम्मपालला उद्या साडेनऊला बोलावलंय. आधी वही त्याला दाखवणार, मग समितीला.