टपावरचा नवा पत्रा

२ फेब्रुवारी, सोमवार
हॉस्पिटलने चादरींची तीन गाठोडी परत पाठवली. धुतलेल्या, इस्त्री केलेल्या चादरी, आणि त्यांवर गंजाचे तांबडे डाग. रात्री अवकाळी पाऊस पडला होता. ट्रक जुना, मागच्या डब्याचा टप गळतो. हॉस्पिटलच्या हाउसकीपिंगच्या बाई हिला, म्हणजे माझ्या बायकोला, फोनवर म्हणाल्या, पुन्हा असं झालं तर आम्हाला दुसरी लॉन्ड्री बघावी लागेल.
लॉन्ड्री सासऱ्यांनी उभी केली, आता ही चालवते. ट्रकही हीच चालवते. हॉस्पिटल गेलं तर लॉन्ड्रीत उरतात शेजारपाजारचे शर्ट.
ही म्हणाली, ट्रक डेंटरकडे टाकू. मी म्हटलं, एक पत्रा काढायचा, एक लावायचा, त्याला डेंटर कशाला? पंपाच्या कारखान्यात परचेसला होतो मी. उभा जन्म लोखंडात गेला. (कागदावरच्या, पण लोखंड ते लोखंड.)
सासऱ्यांनी चहाचा कप खाली ठेवला. बोलले काहीच नाहीत. संमती समजलो.
तोवरच्या फेऱ्यांसाठी फुलवाल्याची व्हॅन आठवडाभर मिळाली आहे. पुढच्या सोमवारी मोठी डिलिव्हरी, तेव्हा ट्रक हवा. शनिवारी काम संपवतो. रविवारी आराम.

३ फेब्रुवारी, मंगळवार
जुना पत्रा काढायला घेतला. पत्रा चौकटीला धरून ठेवणाऱ्या रिबेटची (इंग्रजीत रिव्हेट) डोकी ड्रिलने उडवायची, सोपं काम. व्हिडिओतला माणूस शिट्टी वाजवत करत होता. मीही शिट्टी वाजवली. ड्रिलचा बिट मोडला. शिट्टीमुळे लक्ष विचलित होतं. उद्यापासून शिट्टी बंद.

४ फेब्रुवारी, बुधवार
पत्रा निघाला. म्हणजे अर्धा निघाला, अर्धा आपोआप पडला. पत्र्याखालच्या लोखंडी चौकटीच्या पुढच्या कोपऱ्यात नाण्याएवढा गंज. किरकोळ. स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहिला. स्क्रूड्रायव्हर आत गेला. काढायला बोट घातलं, बोटही गेलं.
गंज वरवरचाच आहे. फक्त दोन्ही बाजूंनी वरवरचा आहे.

५ फेब्रुवारी, गुरुवार
वायर ब्रशने घासत गेलो तसतशी चौकट कमी होत गेली. घासणं थांबवलं. आहे त्याचा मान राखला पाहिजे.
खरं तर इथे वेल्डिंग लागेल असं एखाद्या नवख्याला वाटलं असतं. मी पुटी भरली, वरून प्रायमर मारला. नवीकोरी दिसते.
सासरे काठी टेकत बघायला आले. म्हणाले, "जावईबापू, भोकाला रंग दिला म्हणून ते बुजतं का?"
मी म्हटलं, मामा, हल्लीची पुटी वेगळी असते. ते "असेल" म्हणाले आणि काठीच्या टोकाने कोपऱ्याला हळूच ढोसलं. पुन्हा पुटी भरावी लागली. म्हातारी माणसं उगाच हात लावतात.

६ फेब्रुवारी, शुक्रवार
नवा अॅल्युमिनियमचा पत्रा आला. झळाळता. मन प्रसन्न झालं.
दुपारी वर चढवला. लांबीला दोन बोटं कमी. माप मी डब्याच्या आतून घेतलं होतं, कारण आत सावली होती. दुकानदार म्हणे, कापलेला माल परत घेत नाही. मला परत द्यायचाच नव्हता. मी पुढच्या अंगाला जोडपट्टी लावणार. अशाने पत्र्याला ताण बसत नाही.
ही विचारत होती, जमतंय ना? मी म्हटलं, ठरल्याप्रमाणे चाललंय. ठरवणारा मीच, तेव्हा ते खरंच आहे.

७ फेब्रुवारी, शनिवार
रिबेटिंग. ही आतून पत्रा रेटून धरत होती, मी वरून गन चालवत होतो. एका बाजूने सुरुवात केली ती चूक नव्हती, पण पत्रा मधोमध फुगला. सुटलेल्या पोटासारखा. पाणी निथळायला बरं.
पुढच्या कडेला पोचेपर्यंत रिबेट संपत आले. दुकान बंद. मग जरा अंतर ठेवून मारले. विचार केला: पुढची कड वाऱ्याला सामोरी. म्हणजे गाडी पळाली की वारा तिला दाबूनच धरणार. तिथे रिबेट ही खरी चैनच. उरलेल्या ठिकाणी सीलंट ओतला, भरपूर.
ही आतून ओरडली, "अहो, इथून उजेड दिसतोय!"
मी म्हटलं, सीलंट अजून ओला आहे.

८ फेब्रुवारी, रविवार
आराम ठरला होता. वारा सुटला आहे. अंगणात उभ्या ट्रकचा टप धाडधाड वाजतोय. शेजारी विचारून गेले, काही पडलं का? मी म्हटलं, नवा पत्रा बसतोय जागेवर.
संध्याकाळी ही म्हणाली, उद्याही फुलवाल्याची व्हॅन घेऊ, दोन फेऱ्या मारू. मला लागलं ते. म्हटलं, माझ्यावर एवढाही विश्वास नाही? मग तिने विचारलं, "पुढे रिबेट नीट मारलेत ना?"
"वितीवितीवर," मी म्हणालो.
ती "बरं" म्हणाली आणि गाठोडी ट्रकमध्ये चढवायला लागली. वितीवितीवर हा शब्द तोंडातून सहज गेला. एखाद्याची वीत मोठीही असू शकते.

९ फेब्रुवारी, सोमवार
लिहितो.
ही स्टिअरिंगवर, मी शेजारी. गावातून जाईपर्यंत काही नाही. मी म्हटलंसुद्धा, बघ. मग नदीवरचा पूल लागला आणि आडवा वारा.
"अहो, हा आवाज कसला?"
टायरचा, मी म्हटलं.
पुढच्याच क्षणी वर काहीतरी फाटल्यासारखं झालं. आरशात पाहिलं तर टप उभा. पुढची कड सुटून पत्रा शिडासारखा उभा राहिला होता आणि अख्खा ट्रक कठड्याकडे ओढला जात होता. मी "ब्रेक, ब्रेक!" ओरडलो. तिने ब्रेक दाबला नाही. दात आवळून स्टिअरिंग धरून ठेवलं, वेग हळूहळू उतरू दिला. मग पत्रा तुटून मागे गेला. ट्रक हलका झाला तो जाणवला.
मागे एक स्कूटरवाला होता. तो आडवा झाला, कठड्यापर्यंत घसरत गेला. पत्रा त्याच्या पुढ्यात पडून रस्त्यावर खरडत थांबला.
ही ट्रक थांबवून त्याच्याकडे धावली. मी का कोण जाणे, चादरी गोळा करायला लागलो. वरची गाठोडी सुटून पुलभर चादरी उडत होत्या. काही नदीत गेल्या. एक दिव्याच्या खांबाला गुंडाळली गेली, ती मी ओढत होतो, तेव्हा स्कूटरवाला उठून बसलेला दिसला. कोपर सोललं होतं, बाकी धड होता. त्याने मला जे जे म्हटलं ते लिहीत नाही. आईवरून नव्हतं एवढंच.
नंतर ही फुटपाथवर बसली. म्हणाली, "पुढे किती रिबेट मारले होते?"
मी आडव्या वाऱ्याबद्दल बोलू लागलो.
"वारा नको. रिबेट सांगा."
सांगितले.
तिने उठून हॉस्पिटलच्या बाईंना फोन केला, जे झालं ते जसंच्या तसं सांगितलं, मग फुलवाल्याला बोलावलं. उरलेली गाठोडी पोचवून आली. बाईंनी महिनाभर बघू म्हटलंय.

१० फेब्रुवारी, मंगळवार
एक गोष्ट नमूद करायची, कोणी विचारणार नाही म्हणून: पत्रा रिबेटजवळ फाटला, पण जोडपट्टीवरचा सीलंट शेवटपर्यंत सुटला नाही. सीलंटची निवड माझी.
हे जेवताना सांगावं म्हणून तोंड उघडलं. सासरे आधीच बोलले. ताटाकडे बघत, आवाज न चढवता. "जावईबापू, ट्रक गेला तर दुसरा येईल. मला ती एकच आहे."
मी पाणी प्यायलो.

११ फेब्रुवारी, बुधवार
डेंटर ट्रक ओढून घेऊन गेला. उर्मट माणूस आहे. चौकटीतली पुटी बघून त्याने आपल्या माणसांना हाका मारून गोळा केलं. सगळे हसले. मीही थोडा हसलो, वेगळं दिसू नये म्हणून.

२० फेब्रुवारी, शुक्रवार
ट्रक परत आला. नवी चौकट, नवा टप. ही म्हणाली, टपावर पाणी मारून बघते, तुम्ही आत बसा आणि कुठे गळतंय का सांगा. टॉर्च दिला, दार लावून घेतलं. दहा दिवसांत ती मला पहिल्यांदा काहीतरी करायला सांगत होती.
आत काळोख. वर पाइपचं पाणी पडू लागलं. मी कोपऱ्याकोपऱ्यात टॉर्च फिरवला. पुढची कड बघितली. सांधे बघितले. पंजा पसरून ठिकठिकाणी टपाखाली धरला. कोरडा.
बाहेरून हिने विचारलं, "गळतंय का?"
म्हटलं, थांब, अजून नीट बघतो.
तिने पाणी चालू ठेवलं. मी वर तोंड करून बराच वेळ बसून राहिलो. एक थेंबसुद्धा पडला नाही.