पाळणा पोचला असेल

प्रिय ताई,

पाळणा पोचला असेल. दादानं टेम्पोतून उतरवून तुझ्या खोलीत लावूनही दिला, असं कळलं. तू भाऊजींना म्हणालीस म्हणे, ‘बघा, शेवटी धाकटीच ती, किती दिवस रुसणार?’ ताई, मी रुसलेली नाही. रुसणं आपण लहानपणी केलं, फ्रॉकवरून आणि खिडकीजवळच्या जागेवरून. याला दुसरा काहीतरी शब्द असेल, मला सापडत नाही.

पाळणा मी पाठवलेला नाही, हेही सांगून टाकते. ह्यांनी मला न विचारता दादाला बोलावलं. म्हणाले, ‘घरात ठेवून रोज बघत बसण्यापेक्षा ज्याच्यासाठी केला त्याच्याकडे जाऊ दे.’ ह्यांचं हे असंच, सगळ्यांना माफ करून मोकळे. मी दारात उभी राहून दोघांना तो जिन्यावरून नेताना बघत होते.

तुला तो दिवस आठवतो का गं? तू तुझ्या स्वयंपाकघरात मटार सोलत होतीस, मी समोर बसले होते. तू मान वर न करता म्हणालीस, ‘मला दोन पुरेत. हे तिसरं तुझं.’ मी मागितलं नव्हतं, ताई. अकरा वर्षं दवाखान्यांच्या पायऱ्या झिजवून आम्ही थांबलो होतो. बरे होतो दोघं. म्हणजे बरे नव्हतो, पण सवय झाली होती. मी तुला तीनदा विचारलं, ‘नक्की ना?’ तिसऱ्यांदा तू चिडलीस, ‘आता काय स्टॅम्पपेपरवर लिहून देऊ?’

मग ह्यांच्या डोक्यात आलं, पाळणा घरीच करायचा. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, लाकडाशी संबंध फक्त दात कोरण्यापुरता. शेजारच्या सुताराकडून करवत आणि रंधा मागून आणला आणि पुढच्या खोलीत वखार मांडली. महिनाभर आमच्या चहातसुद्धा भुसा होता. एक पाय आखूड कापला गेला, म्हणून बाकीचे तीन त्याच्या मापाचे केले, तर त्यातला एक त्याहून आखूड झाला. असं करत पाळणा इतका बुटका झाला, की तू फोनवर विचारलंस, ‘बाळासाठी करताय की मांजरासाठी?’ किती हसलो आपण. रोज फोन करायचीस तू. आज काय झालं, कठडा बसला का, रंग कुठला देणार. मी कामावरून आले, की चप्पल काढायच्या आधी तुला सांगायची.

कळा सुरू झाल्या की कळवते, म्हणाली होतीस. मुलगी झाल्याचं आम्हाला दादाकडून कळलं, तेही दोन दिवसांनी. तू फोन उचलेनास, भाऊजीही उचलेनात. मला वाटलं, तुझी तब्येत बिघडली. रडत रडत पिशवी भरली, त्यात मी शिवलेली दुपटी, टोपडी, सगळं. हॉस्पिटलात नर्स म्हणाली, ‘पेशंट कालच घरी गेल्या की! आईबाबा दोघं अगदी खुशीत होते. तुम्ही मावशी का?’ मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते? परत येताना बसमध्ये ह्यांनी ती पिशवी मांडीवर धरली होती, खाली ठेवायला तयार होईनात.

संध्याकाळी तुझा निरोप आला. ‘मला जमलं नाही गं. समजून घे.’ ते मी समजून घेतलं असतं. पोटच्या पोरीला छातीशी धरलं आणि सोडवेना, यात न समजण्यासारखं काय आहे? तू माझ्यासमोर रडली असतीस, तर मीच तुझे डोळे पुसले असते. पण दादाच्या तोंडून परवा निसटलं, की तुझं मन आठव्या महिन्यातच फिरलं होतं. भाऊजींना माहीत होतं, दादाला माहीत होतं. आणि त्यानंतरही पूर्ण महिनाभर तू मला रोज फोन करून विचारत होतीस, रंग कुठला देणार म्हणून.

आता पत्र का लिहिते आहे ते. हॉस्पिटलातून आलो त्या दिवशी हे भिंतीकडे तोंड करून पडले. पाळण्याच्या दोन पट्ट्या बसवायच्या राहिल्या होत्या. अर्धवट पाळणा मला डोळ्यांसमोर नको होता. स्क्रू न लावता मी त्या नुसत्या गोंदाचं बोट लावून दाबल्या आणि वरून रंग फासला. कोण झोपणार होतं त्यात? ह्यांना वाटतं, काम पक्कं झालंय. दादानं पाळणा उचलला तेव्हा मला ते आठवलं होतं, ताई. तोंड उघडलं नाही. त्या पट्ट्या निघाल्या तर पोरीचं डोकं त्या फटीत अडकू शकतं, हे मला कळत होतं, आणि चार दिवस मी गप्प बसले. आज सकाळी दादाला फोन करून सांगितलं, की आत्ताच्या आत्ता बाळाला त्यातून उचला. तो म्हणाला, ‘उचलायला सांगतो, पण का गं? ती रोज मजेत झोपते त्यात.’ खरं कारण त्याला सांगवेना, म्हणून तुला लिहिते. उशाकडून दुसरी आणि तिसरी पट्टी, उशाशी उभी राहिलीस की डाव्या हाताच्या बाजूची. बोटानं ढकल, हलतील. सुताराकडून नीट स्क्रू लावून घे, मगच तिला ठेव. झालं की दादाकरवी कळव. तू फोन करू नकोस, अजून मला तुझा आवाज सोसणार नाही.

तुझीच,
धाकटी