मागचा पाहून घेईल

बाबा, मदन महलच्या आपल्या घरी, तुमच्याच खुर्चीत बसून मी लिहून राहिले. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. पर्समध्ये माझं कॅनडाचं ड्रायव्हिंग लायसन आहे. आई म्हणते, ते यांच्या फोटोपुढं ठेव, यांना लई आनंद होईल. माझा हातच होत नाही.

तुम्ही जन्मभर सरकारी जीप चालवली, एक ओरखडा नाही. मला शिकवलं पनागरच्या रस्त्यावर. मागून ट्रकनं हॉर्न दिला, मी मान वळवली अन् गाडी निघाली थेट भाजीच्या ठेल्याकडे. तुम्ही स्टिअरिंग ओढलं. "काहून मागं पाहून राहिली? डोळे समोर! मागचा पाहून घेईल त्याचं तो." मी रडायला लागले. ठेलेवाला भैया हसतोय, "अच्छा हुआ दीदी, मेथी बच गई." तुम्ही त्याच्याकडून एक गाजर घेतलं, जीपच्या फडक्यानं पुसलं, माझ्या हातात दिलं. "चलो, आता चालव." त्या गाजराला डिझेलचा वास होता, तरी मी सगळं खाल्लं.

तिकडे कॅनडात घरोघरी जाऊन आजारी म्हाताऱ्यांना पाहायची नोकरी मिळाली. अट एकच, सहा महिन्यांत लायसन, नाही तर घरी बसा. अन् तिथं लेन बदलताना नुसता आरसा चालत नाही, दर वेळी मान वळवून खांद्यामागं पाहावं लागतं. माझी मान वळेल तर ना, बाप्पा! वळवायला जावं तर कानात तुम्ही. दोनदा नापास झाले. दुसऱ्यांदा परीक्षा घेणाऱ्या बाईंनी विचारलं, "तुला गाडी शिकवली कोणी?" टोमणा नव्हता हो, साधं विचारलं होतं. पण नोकरी जाताना दिसत होती, मला लाज वाटली. म्हणाले, "कोणी नाही. पाहून पाहून शिकले."

मग महिनाभर स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून, हातात स्टिअरिंगसारखं ताट धरून मान वळवायची तालीम केली. डावीकडे, उजवीकडे, मान अवघडेपर्यंत. मुदतीच्या आधीची ती शेवटची परीक्षा. वळणाआधी खांद्यामागं पाहिलं तर सायकलवर एक म्हातारा. खरंच होता, बाबा. पाहिलं नसतं तर गेला असता. मी थांबले, तो हात हलवून पुढं गेला. थांबताना मात्र ब्रेक तुमच्यासारखाच दाबला, हळू, प्रवाशाची मान हलू नये असा.

कागदावर सही करताना त्याच बाई म्हणाल्या, "ब्रेक फार सुंदर लावतेस." एवढं मोकळं दार होतं. 'माझ्या वडिलांनी शिकवलं', तीन शब्द. मी नुसतं थँक यू म्हणाले.

आत्ताच आईनं आतून विचारलं, "ठेवलं काय गं?" मी "हो" म्हणून टाकलं. ते अजून पर्समध्येच आहे, बाबा.